खिशात सापडलेली कॅसेट

ग्यानबा, आपलं ते भांडण अर्धवटच राहिलं. कॅसेटमधला तो माणूस गातो की बोलतो? मी म्हणायचो, बोलतोय. आणि बोलायचंच असेल तर मागं बाजा कशाला हवा? तू म्हणायचास, "गायलाय त्यो. वरडत न्हाई, एवढंच." दोन वर्षं आपण यावर वाद घातला आणि निकाल लागायच्या आत तू उठून गेलास. वाद सोडून उठून जायची खोड तुझी नव्हती, माझी होती.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. दुकान मी काल उघडलं. जिंतूरच्या बसस्टँडमागची आपली ती खोली, समोरासमोर दोन शिलाई मशीनं, मधे कापायचा फळा, भिंतीच्या फळीवर टेपरेकॉर्डर. सकाळपासून गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मास्टर दिसंनात?" मी सांगतो. ऐकून माणूस चुकचुकतो आणि मग पँट झाली का विचारतो. त्याचंही बरोबर आहे, लग्नसराई तोंडावर आली आहे. तरी एकावर मी खेकसलोच.

तुझा तो नियम मी काल पाळला. दुरुस्तीला आलेल्या कपड्याचे सगळे खिसे आधी उलटे करायचे, मगच सुई लावायची. सापडेल ते बिस्किटाच्या डब्यात, वर नावाची चिठ्ठी. सोळा वर्षांत त्या डब्यात काय काय येऊन गेलं! एसटीची तिकिटं, सुपाऱ्या, अंगाऱ्याच्या पुड्या, आणि एकदा एका नवरदेवाच्या कोटात, त्याच्या नवरीचं नसलेलं पत्र. ते तू घडीसुद्धा न मोडता परत दिलंस. मी आधीच वाचून घेतलं होतं, आणि ते तुला कळलं होतं. तू फक्त माझ्याकडे बघून मशीनची टीप मारायला लागलास.

ती कॅसेटही अशीच आली. आखातातून सुटीवर आलेल्या एका गवंड्यानं जाकिटाची चेन बदलायला टाकली होती. आतल्या खिशात कॅसेट निघाली. वर ना चित्र, ना नाव, ना कुणाचं अक्षर. तो घ्यायला आला तेव्हा तू ती त्याच्यापुढे धरलीस, तर तो हसायला लागला. "जाकीट तिकडं जुन्या बाजारात घेतलं मास्टर, त्यातच आसंल. मी लावून बघितली बी न्हाई. ठेवा तुमालाच."

दुपार होती. गिऱ्हाईक नव्हतं. तू कॅसेट लावलीस. आधी नुसती खरखर. मग एक जाड तारांचं वाद्य, सावकाश, पोटात घुमणारं. त्यावर ढोल, पण असा की वाजवणाऱ्याला कुठंच पोचायचं नाही. मधेच ट्रम्पेट. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये असतो तोच. पण हा वाजवणारा जणू वरात पोचवून घरी आला होता आणि आता ओट्यावर बसून स्वतःपुरता वाजवत होता. आणि मग तो माणूस. शेजारी बसून सांगावं तसं इंग्रजीत काहीतरी सांगत सुटला. मी म्हणालो, "बंद कर रे, बातम्या हायत ह्या." तू हात वर करून मला गप्प केलंस.

तुझ्या आधी तुझ्या पायाला ते कळलं. मी बघत होतो. तुझा पाय मशीनच्या फळीवर होता आणि तो त्या ढोलाबरोबर चालायला लागला होता. त्या दिवशी तू एका बैठकीत दोन पँटींच्या लांब शिवणी मारल्यास, सरळ, एका दमात, आणि मान वर केलीस ती कॅसेटची बाजू संपल्यावरच. "गंगाधर," तू म्हणालास, "हे शिंप्याचं गाणं हाय."

मला पटलं नाही, पण खोटंही पाडता येईना. सिनेमातली गाणी लावली की आपला पाय त्यांच्यामागं धावायचा. एका लग्नसराईत अशाच एका उडत्या गाण्यावर मी कॉलर उलटी लावली होती, आणि ती उसवताना तू हसून हसून डोळे पुसत होतास. भजनाचं वेगळंच. सुरुवातीला चालतं, शेवटी पळतं. शेवटाला बाही जोडायची वेळ आली की हाताचे हाल. हे मात्र ज्या चालीनं निघायचं त्याच चालीनं घरी यायचं. तोच तुकडा परत, परत तोच तुकडा. मला आधी वाटलं कॅसेट अडकली. तू म्हणालास, "आन् तू काय करायलास सकाळपासून? तोच टाका परत मारायलास न्हवं?"

हळूहळू मलाही ओढ लागली. गाणं संपून गेलं तरी दुकानात काहीतरी उरायचं. कळत नव्हतं तेच बरं होतं. शब्द कळले असते तर मन त्यांच्यामागं गेलं असतं. इथं मन कापडावरच राहायचं आणि तरी एकटं नसायचं. बाहेर स्टँडवर गाड्यांचे भोंगे, कंडक्टरांच्या आरोळ्या, आत तो माणूस कुठल्या तरी लांबच्या गल्लीची हकिकत सांगत बसलेला. आयुष्यात इतकं निवांत मला देवळातही वाटलं नाही, आणि हे मी तुला कधी कबूल केलं नाही.

आता एक कबुली देतो. ती खरखर मला सहन होत नव्हती. मशीन कुरकुरलं की त्याला तेल द्यायचं, हे आपल्या हाताला लहानपणापासून शिकवलेलं. तू एकदा चुलतभावाच्या लग्नाला ताडकळसला गेला होतास. मी टेपरेकॉर्डरचं मागचं झाकण उघडलं, आपली ती लांब नळीची कुपी घेतली आणि जिथं जिथं काही फिरताना दिसलं तिथं तिथं शिलाई मशीनचं तेल सोडलं. चांगलं आठ-दहा थेंब. खरखर होती तशीच राहिली. पण आतला रबरी पट्टा तेलानं घसरायला लागला आणि गाणं सावकाश झालं. त्या माणसाचा आवाज जाड झाला, ट्रम्पेट पेंगायला लागला. मी घाईघाईनं झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तू आलास, कॅसेट लावलीस, मान कलती करून ऐकलंस. मी बॉबिन भरायला खाली वाकलो. तू म्हणालास, "आज लय आहिस्ता वाजायलंय."

"लाईट डाऊन हाय," मी म्हणालो.

जिंतुरात हे कुणीही मान्य करतं. तूही केलंस. नंतर तुझ्या भीमगीतांच्या कॅसेटी त्यावर रडायला लागल्या, तेव्हा तू त्या मुकाट्यानं घरी घेऊन गेलास. ही मात्र इथंच ठेवलीस. आणि गंमत अशी की ती आधीपेक्षा जास्त आवडायला लागली, तुला आणि मलाही.

मग दिवाळीच्या सुटीत तुझी सुजाता आली. औरंगाबादला विद्यापीठात शिकणारी, होस्टेलवर राहणारी तुझी लेक. दुकानात आली की माझ्या फळ्यावर बसून शेंगा खाणारी. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "काका, हे हिप हॉप आहे. आणि खाली वाजतंय ते जाझ." होस्टेलवरच्या एका मैत्रिणीकडे असल्या कॅसेटी होत्या. तिनंच सांगितलं की ही माणसं जुन्या तबकड्यांमधले तुकडे कापून घेतात आणि जोडून नवं करतात. आणि ती खरखर जुन्या तबकडीची असते, ती मुद्दाम ठेवतात. मी ओशाळून खडू शोधायला लागलो. रोग नव्हताच, औषध मात्र देऊन बसलो होतो.

तू खूश झालास. "म्हंजे वाकळ शिवत्यात की," म्हणालास. "जुन्या लुगड्यांची."

"पण बाबा, खरं गाणं एवढं हळू नसतं," सुजाता म्हणाली. "पट्टा गेलाय तुमच्या टेपचा. मी औरंगाबादहून बदलून आणते."

"ऱ्हाऊ दे. आसंच बरं हाय."

"अहो, पण ते मुळात जरा जलद आहे."

"मग त्येंनी घाई केली," तू म्हणालास, आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

त्याच दिवशी तिनं कान देऊन काही ओळींचा अर्थ सांगितला. तो माणूस त्याच्या जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल सांगत होता. त्याची आई दोन ठिकाणी काम करते. रस्त्यानं जाताना पोलीस त्याला अडवून विचारतात, कुठं निघालास? तो म्हणतो, घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडवतात, तो पुन्हा म्हणतो, घरी. बस्स, एवढंच. तू तो भाग मागं घेऊन परत लावलास. मग पुन्हा. शेंगांची टरफलं तशीच तुझ्या मुठीत होती. "केवढं मोठं बोलला बघ गंगाधर," तू म्हणालास, "आन् आवाज कुठं चढला का?" तिथं मला पहिल्यांदा वाटलं की तुला हे गाणं माझ्यापेक्षा वेगळ्या कानांनी ऐकू येतंय.

इथून पुढं लिहायला जड जातं, पण त्यासाठीच तर बसलोय.

अठ्ठ्याहत्तर साली तू तुझ्या गावाहून, बोरीहून, एसटीच्या टपावर तुझं मशीन टाकून आलास. जागा माझी, मशीन तुझं, मिळेल ते निम्मं-निम्मं. त्याला तीन महिने होतात न होतात तोच विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव आला आणि मराठवाडा पेटला. बोरीत काही घडलं नाही, पण भीती सगळ्या रस्त्यावर होती. पंधरा दिवस तू आला नाहीस. मी रोज तुझ्या मशीनवरची धूळ झटकायचो आणि रोज ठरवायचो, उद्या जाऊन बघून येऊ. गेलो नाही. सोळाव्या दिवशी तू आलास, खुंटीला पिशवी अडकवलीस आणि विचारलंस, "कंची पँट अर्धी हाय?" मी कापड पुढं केलं. त्या पंधरा दिवसांबद्दल आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

आणि या हिवाळ्याच्या सुरुवातीचं. आपलं जुनं गिऱ्हाईक, चांगला बागायतदार माणूस, फळ्यावर कोपर टेकून मला म्हणाला, "गंगाधर, त्यो आजून तुझ्याच दुकानात बसतोय व्हय? आता तर त्येंचंच राज येनार म्हनं." तू हातभर अंतरावर होतास, तोंडात टाचण्या धरून. मी म्हणालो, "कारागीर हाय. हात चांगला हाय त्याचा."

कारागीर. सोळा वर्षांच्या भागीदाराला.

तू एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्या खोचायच्या गादीला टोचलीस. उठून कॅसेट लावलीस. आवाज वाढवला नाहीस. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत आपण दोघं शिवत राहिलो. तुला ऐकू गेलं नसेल असं मी मनाला समजावत होतो.

आठ दिवसांनी तू विचारलंस. सरळ, हातातलं काम ठेवून. "गंगाधर, तुला काय वाटतं? इद्यापीठाला नाव द्यावं का न्हाई?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी आपला शिंपी मानूस."

"शिंप्याला माप कळतं," तू म्हणालास. मी इस्त्रीतला कोळसा फुंकायला बाहेर गेलो आणि बराच वेळ फुंकत राहिलो. वाटत होतं ते मला पक्कं माहीत होतं. तुझी लेक ज्या वर्गात बसते तो वर्ग कुणामुळे तिला मिळाला हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. फक्त ते मोठ्यानं म्हटलं की गिऱ्हाइकं, सोयरे, गल्ली, सगळ्यांना उत्तरं देत बसावी लागली असती. मी भित्रा होतो, ग्यानबा. दुसरं काही कारण नव्हतं.

संक्रांतीला ते झालं, विद्यापीठाला नाव लागलं. तू पांढरा सदरा घालून पेढे घेऊन आलास. मी तुला तिळगूळ दिला, तू मला पेढा दिलास. पेढा तोंडात घालून मी तुझ्याकडे बघत होतो आणि तू माझ्याकडे. तू वाट बघत होतास. मी म्हणालो, "आज लाईट चांगली हाय." तू हसलास. मग मशीनवर बसलास.

त्याला महिनाही झाला नाही.

निरोप उशिरा मिळाला. मातीला मी पोचलो नाही. जलदान विधीच्या दिवशी मात्र सकाळची पहिली गाडी पकडून बोरीला आलो. तुझ्या दारापुढे मांडव होता, माणसं मावत नव्हती. तुझ्या हातचे कपडे घातलेले कितीतरी लोक मला ओळखता आले. आपलं काम आपल्याला लांबून दिसतं. तो बागायतदारही आला होता. मांडवाबाहेर लिंबाखाली उभा होता.

सुजातानं मला आत नेऊन बसवलं. रडून तिचा आवाज बसला होता. टेपरेकॉर्डरचं मी तिला काहीतरी विचारलं, आठवण म्हणून घरी न्यायचा का म्हणून. तर ती रडता रडता हसली. "काका, त्यात तेल तुम्हीच घातलं ना?"

मी सतरंजीचा उसवलेला धागा ओढायला लागलो.

"बाबांनी दुसऱ्याच दिवशी घरी आईला सांगितलं होतं. वास आला म्हणे तेलाचा. म्हणाले, 'गंगाधरला वाटायलंय मला ठावं न्हाई. म्या काय बोलनार न्हाई. लाजंल ते येडं.'"

दोन वर्षं. तेलाचं जर तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तर त्या टाचण्यांच्या दिवशी तू शब्द न् शब्द ऐकला होतास. संक्रांतीला माझ्या तोंडात काय अडकलं होतं तेही तुला दिसलं होतं. माझी लाज तू माझ्यासाठी सांभाळत बसलास. एवढं मोठं मन घेऊन तू माझ्यासमोर बसून लोकांच्या लेंग्यांना नेफे लावत होतास, आणि मी तुझ्याशी गातो की बोलतो यावर हुज्जत घालत होतो. तुझे उपकार मानावेत की तुझ्यावर रागवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा जरी फटकारलं असतंस, तरी कदाचित मी बोललो असतो.

पण ओळखून घेणं वेगळं आणि ऐकायला मिळणं वेगळं. तुला ऐकायचं होतं. म्हणून तर विचारलंस.

विधी झाल्यावर कुणी दोन शब्द बोलणार का, असं विचारलं गेलं. मी उभा राहिलो. तुझ्या त्या कॅसेटवाल्यासारखं काही जमलं नाही. मी म्हणालो, "ग्यानबा माझा कारागीर नव्हता. दुकान दोघांचं व्हतं. इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं ते बरोबर केलं, लय आधी द्यायला पायजे व्हतं. त्यानं मला इचारलं व्हतं. मी सांगितलं न्हाई. आज सांगायलोय." आणि बसलो. लिंबाखाली तो बागायतदार जमिनीकडे बघत होता. काल त्यानं न शिवलेलं कापड माणसाहाती परत मागवलं. मी घडी घालून देऊन टाकलं.

निघताना सुजाता मला आतल्या खोलीत तुझ्या आईकडे घेऊन गेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. नजर चांगली आहे अजून. माझ्याकडे निरखून बघत तिनं नातीला विचारलं, "ह्ये पावनं कोन?"

"आजी, हे गंगाधरकाका. बाबांच्या दुकानातले."

तिनं माझा हात धरून मला जवळ बसवून घेतलं. "तुमीच का ते? रोज तुमचं नाव निघायचं बगा ह्या घरात. गंगाधर आसं म्हनला, गंगाधर तसं म्हनला. पर कवा आला न्हाईत. म्हनून म्या आपली समजायची, मानूस दुकानाला लय लांबून येत आसंल, फुरसत व्हत नसंल."

ग्यानबा, माझं घर दुकानामागच्याच गल्लीत आहे. आणि तिथून तुझ्या दारात यायला एसटीनं पाऊण तास लागतो.